कोपऱ्याची पातळी



वसंत व्याख्यानमाला म्हटली की संतांची चरित्रे, मराठ्यांच्या मोहिमा, काव्य आणि तत्त्वज्ञान असे विषय डोळ्यांपुढे येतात. अशा व्यासपीठावर रस्त्याच्या कडेच्या दगडाविषयी आणि त्याच्या पायथ्याशी वाहणाऱ्या पाण्याविषयी बोलावयास उभे राहणे हे थोडे धाडसाचेच आहे. आम्ही इंजिनिअर नाही. आमचे शाळेतले शिक्षण बेताचे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात, कामगारांच्या सभांत आणि कामावर गवंड्यांच्या शेजारी उभे राहून झाले. तरीही हा विषय आम्ही मुद्दाम निवडला, कारण इतिहास हा केवळ राजवाड्यांत घडत नाही. तो रस्त्याच्या कोपऱ्यावरही घडतो, आणि त्या कोपऱ्यावर पावसाळ्यात घोटाभर पाणी साचले तर ते राजवाड्यात राहणाऱ्यांच्या पायाखाली साचत नाही.

दोन रस्ते जेथे मिळतात त्या जागेला आपण तिठा म्हणतो किंवा चौक म्हणतो. तेथे रस्त्याची कड एका दिशेकडून दुसऱ्या दिशेकडे वळसा घेते. त्या वळशात बसवलेले दगड, म्हणजे ज्यांना सगळे कामगार 'कर्ब' म्हणतात ते, किती उंचीवर बसवावेत, त्यांच्या पायथ्याची पातळी कोठे चढावी आणि कोठे उतरावी, एवढाच आजचा प्रश्न आहे. प्रश्न लहान दिसतो. परंतु या प्रश्नाच्या मागे चार-साडेचार हजार वर्षांचा अनुभव उभा आहे, हे आधी पाहू.

पाणी मधून की कडेने?

रस्त्यावरचे पाणी कोठून वाहू द्यावे याचे उत्तर माणसाने निरनिराळ्या काळी निरनिराळे दिले. सिंधू नदीच्या काठी मोहेंजोदडो येथे जे नगर उत्खननात सापडले, त्यात रस्त्यांच्या कडेने विटांची बांधीव गटारे होती, त्यांवर झाकणे होती आणि गाळ काढण्यासाठी मधून मधून खड्डे ठेवलेले होते. रोमन लोकांच्या पाँपेई शहरात पदपथ रस्त्यापेक्षा बरेच उंच बांधलेले होते, आणि पावसाचे व सांडपाणी रस्त्यावरूनच वाहत असे. म्हणून रस्ता ओलांडण्याच्या जागी त्यांनी मोठाले उंच दगड एका ओळीत रोवले. माणसाने दगडांवरून पावले टाकत जावे आणि गाड्यांची चाके दगडांच्या मधल्या फटींतून जावीत अशी ती योजना होती. तिठ्यावर पाणी वाहणारच हे गृहीत धरून चालणाऱ्याची सोय आधी केली, असा त्याचा अर्थ होतो.

युरोपातल्या मध्ययुगीन शहरांत मात्र पाणी रस्त्याच्या मध्यावरून नेत. रस्ता दोन्ही बाजूंनी मध्याकडे उतरता आणि मधोमध एक घळ. त्या घळीत पाण्याबरोबर शहराची सारी घाण वाहत असे. लंडनच्या वेस्टमिन्स्टर भागासाठी १७६२ साली फरसबंदीचा कायदा झाला आणि तेव्हापासून तेथे ही पद्धत उलटी होऊ लागली. मधली घळ गेली, रस्त्याचा माथा मध्ये आला, पाणी दोन्ही कडांना गेले आणि कडेला उभा दगड बसवून त्याच्या वर चालणाऱ्यांसाठी पदपथ झाला. पुढे मॅकॅडम या स्कॉटिश माणसाने, १८१६ पासून ब्रिस्टल भागातील रस्त्यांची व्यवस्था पाहताना, रस्त्याचे सारे बळ त्याच्याखालची माती कोरडी राहण्यात आहे हे दाखवून दिले. रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा थोडा उंच ठेवावा, मध्ये थोडा बाक द्यावा आणि पाणी त्यावर थांबू देऊ नये, एवढेच त्याचे शास्त्र. दगडाचा रस्ता चाकांनी फुटत नाही, पाण्याने फुटतो, ही गोष्ट आपल्याकडील प्रत्येक मुकादम जाणतो.

अशा रीतीने पाणी मध्यावरून कडेला आले. सरळ रस्त्यावर प्रश्न सुटला. परंतु दोन रस्ते एकमेकांना मिळतात तेथे दोघांच्याही कडा तुटतात, दोघांचेही माथे एकमेकांवर चाल करून येतात, आणि दोन्हीकडचे पाणी एका कोपऱ्यावर गोळा होते. कडेचा प्रश्न सुटला तेव्हाच कोपऱ्याचा प्रश्न जन्माला आला, असे म्हणावयास हरकत नाही.

आपला घाट आणि त्याचे पाणी

हा इतिहास लंडनचा झाला. आपल्या दारचा इतिहास याहून कमी बोधप्रद नाही. बोरघाट हा कोकण आणि देश यांना जोडणारा फार जुना व्यापारी मार्ग. कार्ल्याची लेणी याच मार्गाच्या डोक्यावर आहेत. मीठ, सुकी मासळी, धान्य, मिरची यांचे तांडे बैलांच्या पाठीवरून येथे चढ-उतार करीत. तुकाराम महाराज मिरच्या विकावयास या बाजूला येत अशी आख्यायिका आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकलेली आहे. साजगावच्या बोंबल्या विठोबाची कार्तिकी एकादशीपासून भरणारी यात्रा आणि तिच्यातला सुक्या मासळीचा बाजार ही त्या जुन्या वाहतुकीची जिवंत आठवण होय. रस्ता आधी आणि देवाची यात्रा मागाहून की उलट, हे आम्ही सांगू शकत नाही. परंतु दोघांचे नाते स्पष्ट आहे.

घाटाच्या पायथ्याशी खोपोलीस नाना फडणीसांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात महादेवाचे देऊळ आणि दगडी तलाव बांधला. वाटसरूला आणि त्याच्या जनावराला पाणी मिळावे हा त्याचा उघड हेतू. पण हे तळे एका वेगळ्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. माथ्यावर लोणावळा-खंडाळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि डोंगरावरून तो खाली धावतो. जेथे रस्ता येऊन टेकतो तेथे पाण्याची जागा आधी ठरवून मग वस्ती वसवावी, हे शहाणपण त्या तळ्यात दिसते.

१८०४ साली जनरल वेलस्ली याने हा घाट तोफा नेण्याजोगा करविला. पुढे १८३० च्या नोव्हेंबरात मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने गाडीरस्ता खुला केला. घाटरस्त्याची एक रीत आहे. अशा रस्त्याचा उतार दरीकडे न ठेवता डोंगराकडे ठेवतात. त्यामुळे पाणी आतल्या कडेच्या गटारात जाते आणि ठरावीक अंतरावर बांधलेल्या मोऱ्यांतून रस्त्याखालून पलीकडे उतरते. वळणावर तर कडेची पातळी फारच जपावी लागते. तेथे चूक झाली तर पाणी रस्ता कापून दरीत जाते आणि रस्ताही बरोबर घेऊन जाते. थोडक्यात, घाटात पाण्याची वाट आधी आखावी लागते आणि मग गाडीची. घाटात हे कोणी विसरू शकत नाही, कारण विसरणाऱ्याला पहिलाच पावसाळा शिक्षा देतो. सपाटीवर शिक्षा सावकाश होते, म्हणून तेथे विसरणे सोपे जाते.

रेल्वे १८५६ साली खोपोलीपर्यंत आली आणि घाटाचे अवघड काम सुरू झाले. मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली याने आखलेला हा चढ सुमारे १५ मैलांत १,८३१ फूट उंची गाठतो. सर्वांत तीव्र जागी तो ३७ फुटांना एक फूट आहे. २५ बोगदे खोदावे लागले. १८६१ च्या आरंभी या कामावर ४२,००० हून अधिक माणसे होती. पटकीने त्यांतील किती माणसे नेली त्याचा नेमका हिशेब कोणी ठेवला नाही. मजुरी वेळेवर मिळत नाही आणि ठरल्यापेक्षा कमी मिळते म्हणून १८५९ च्या जानेवारीत येथील मजूर गोऱ्या मुकादमांवर उठले. हिंदुस्थानातील कामगारांच्या सामुदायिक प्रतिकाराच्या आरंभीच्या घटनांत ती मोजली पाहिजे, आणि ती आपल्या डोंगरात घडली आहे. त्या वेळचा कंत्राटदार फॅव्हिएल याच्याकडून काम गेले. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल काही आठवड्यांतच मरण पावला आणि त्याची पत्नी ॲलिस हिने ते कंत्राट पुढे चालविले. २१ एप्रिल १८६३ रोजी घाटातून गाडी सुरू झाली.

हे सारे आम्ही सांगितले ते अशासाठी की ३७ ला एक हा आकडा इतिहासात राहिला, तो काढणाऱ्याचे नाव राहिले, पण तो आकडा दगडात उतरविणाऱ्या वडाराचे, पाथरवटाचे, बिगाऱ्याचे नाव राहिले नाही. पातळी कागदावर इंजिनिअर ठरवितो. जमिनीवर ती मजूर ठरवितो. दोघांचे जुळले नाही तर कागद कोरडा राहतो आणि जमीन ओली.

कोपऱ्याचे गणित

आता मूळ विषयाकडे वळू. हे गणित कोणाही श्रोत्याला समजेल असे आहे.

सात मीटर रुंदीचा रस्ता घ्या. त्याचा माथा मध्यावर, आणि तेथून कडेपर्यंत साडेतीन मीटर. डांबरी रस्त्याला साधारण पन्नासास एक असा आडवा उतार देतात. म्हणजे माथा कडेपेक्षा सात सेंटिमीटर उंच झाला. हा झाला रस्त्याचा बाक, ज्याला कामावर कॅम्बर म्हणतात. आता कडेला जो दगड उभा आहे त्याच्या पायथ्याशी पाणी जमते आणि रस्त्याच्या लांबीच्या दिशेने वाहू लागते. ते वाहावे म्हणून लांबीच्या दिशेलाही उतार हवा. निदान दोनशेला एक, म्हणजे दोन मीटरला एक सेंटिमीटर. याहून कमी ठेवला तर कागदावर पाणी वाहते, प्रत्यक्षात थांबते. कारण दगड बसविताना आणि डांबर दाबताना अर्ध्या-एक सेंटिमीटरचा फरक कोठेतरी राहतोच.

पाणी किती येते तेही पाहू. गावातली दोनशे मीटर लांबीची आळी घ्या आणि रस्त्याची एक बाजू व लगतची मोकळी जागा मिळून पाच मीटर रुंदी धरा. हे झाले एक हजार चौरस मीटर. तासाला ५० मिलिमीटर या वेगाने पाऊस लागला, आणि आपल्याकडे आषाढ-श्रावणात तो लागतोच, तर त्या एका बाजूवर तासाला पन्नास हजार लिटर पाणी पडते. सेकंदाला जवळजवळ चौदा लिटर. म्हणजे प्रत्येक सेकंदाला कोणीतरी एक भरलेला हंडा तिठ्याच्या कोपऱ्यावर ओतते आहे आणि तासभर थांबत नाही. ही एका आळीची एक बाजू झाली.

आता तिठा. मुख्य रस्त्याची कड आणि आळीची कड यांना जोडणारा वळसा समजा दहा मीटर त्रिज्येचा, पाव वर्तुळाएवढा आहे. त्या वळशाची लांबी पावणेसोळा मीटर भरते. वळशाचे मुख्य रस्त्यावरचे टोक आणि आळीतले टोक या दोन जागांच्या पातळ्या त्या त्या रस्त्याने आधीच ठरविलेल्या असतात. मधल्या पावणेसोळा मीटरात काय करावयाचे, हा खरा प्रश्न. येथे चार प्रसंग संभवतात.

पहिला प्रसंग, आळी मुख्य रस्त्यापेक्षा चढावर आहे. तेव्हा पाणी आळीतून वळशाने खाली येते आणि मुख्य रस्त्याच्या कडेने पुढे जाते. दोनशेला एक उतार सांभाळावयाचा तर वळशाच्या दोन टोकांत निदान आठ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या हाताच्या चार बोटांचा फरक पाहिजे. एवढी चार बोटे मिळाली तर काम सरळ आहे. परंतु ते पाणी माणसे रस्ता ओलांडतात त्या जागेवरून जाऊ नये म्हणून ओलांडण्याच्या जागेच्या आधी, चढाच्या बाजूला, जाळीचे चेंबर पाहिजे.

दुसरा प्रसंग, आळी मुख्य रस्त्यापासून खाली उतरते. तेव्हा मुख्य रस्त्याचे सारे पाणी वळशाने आळीत शिरते आणि आळीतल्या घरांच्या उंबऱ्यापर्यंत जाते. येथे वळसा सुरू होण्यापूर्वीच मुख्य रस्त्याचे पाणी पकडले पाहिजे. हे बहुधा होत नाही, कारण मुख्य रस्त्याच्या कंत्राटदाराला आळी दिसत नाही.

तिसरा प्रसंग, दोन्ही रस्ते कोपऱ्याकडे उतरतात. तेव्हा वळशात कोठेतरी सर्वांत खोल जागा होणारच. ती कोठे व्हावी हे आपण ठरवावे आणि नेमके तेथेच चेंबर बसवावे. आपण ठरविले नाही तर ती जागा पाणीच ठरविते, आणि पाण्याला शाळेच्या मुलांची ये-जा माहीत नसते.

चौथा प्रसंग सर्वांत फसवा. दोन्ही टोकांची पातळी सारखी आहे. गवंडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणतो, दगड ओळीत बसतात, काम डोळ्याला सुरेख दिसते. आणि पावणेसोळा मीटरात पाण्याला जावयाला वाट नाही. अशा जागी मध्य थोडा उचलून पाणी दोन्हीकडे काढून द्यावे, किंवा मध्य मुद्दाम खाली घेऊन तेथे चेंबर द्यावे. काही न करणे हा तिसरा मार्ग नव्हे.

यात आणखी एक खोच आहे. दोरी नेहमी दगडाच्या डोक्याला लागते. पाणी दगडाच्या पायाशी वाहते. अपंगांची चाकाची खुर्ची किंवा बाळाची गाडी चढावी म्हणून ओलांडण्याच्या जागी दगडाचे डोके खाली घ्यावे लागते. पण तेथे पायाची पातळीही आपोआप खाली गेली तर उतरणाऱ्याच्या पुढ्यात डबके तयार होते. म्हणून डोक्याची रेघ आणि पायाची रेघ अशा दोन वेगळ्या रेघा आखल्या पाहिजेत. वळशाचे चार सारखे भाग करून पाच जागी पायाची पातळी लिहून दिली तर साधा गवंडीसुद्धा पारदर्शक नळीत पाणी भरून, त्या पाणसळीने ती बिनचूक उतरवितो. आळीचा सात सेंटिमीटरचा माथा मुख्य रस्त्याच्या कडेवर जाऊन आदळू नये म्हणून तोही तिठ्याजवळ हळूहळू बसवीत न्यावा लागतो. हे सारे मिळून कोपऱ्याचा नकाशा होतो. त्याला लागतो एक कागद आणि अर्धा दिवस.

नियम आहेत, तरी पाणी का साचते?

आपल्या देशात या गोष्टींचे नियम नाहीत असे कोणी समजू नये. १९२७ साली हिंदुस्थान सरकारने रस्त्यांच्या सुधारणेसाठी एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. त्यांच्या अहवालातून १९२९ साली रस्ते निधी उभा राहिला आणि १९३४ च्या डिसेंबरात इंडियन रोड्स काँग्रेस ही इंजिनिअरांची संस्था स्थापन झाली. रस्त्याच्या आडव्या उतारापासून शहरातील पावसाळी पाण्यापर्यंतचे नियम याच संस्थेने छापून ठेवले आहेत. एका मराठी माणसाच्या हातून देशभरच्या रस्त्यांना शास्त्र मिळाले, याचा आपल्याला अभिमान वाटावयास हवा.

त्याही आधी महात्मा जोतीराव फुले हे स्वतः बांधकामाचे कंत्राटदार होते आणि १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासदही होते. दगड, माती आणि पाणी यांचे व्यवहार त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाहीत. 'शेतकऱ्याचा असूड' या १८८३ च्या ग्रंथात डोंगराचे पाणी ताली-बंधारे घालून अडवावे असा त्यांचा आग्रह आहे. त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणीकामगारांची सभा उभारली. पाणी आणि मजुरी हे दोन प्रश्न आपल्याकडच्या सुधारकांनी एकाच दप्तरात ठेवले होते, हे विसरता कामा नये.

मग पाणी का साचते? आमच्या अनुभवाने त्याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण मोजमापाचे. कर्बच्या कामाचे बिल लांबीवर, म्हणजे रनिंग मीटरवर निघते. दगड किती मीटर बसले हे मोजले जाते. पाण्याने वाट धरली की नाही हे मोजण्याचा रकाना बिलात नसतो. ज्याचे मोजमाप होते त्याचेच काम होते, हा कंत्राटी पद्धतीचा पहिला नियम आहे. एका शहरात रस्त्याच्या कामावर आमच्या संघटनेचे काही गवंडी होते. त्यांतल्या एका वयस्कर वडार गवंड्याने कोपऱ्यावर बादलीभर पाणी ओतून दाखविले की येथे पाणी मागे फिरते, तीन दगड उचलून पुन्हा बसवू द्या. त्याला उत्तर मिळाले की मीटर भरले, आता पुढे चला. त्याची त्या दिवसाची मजुरी मात्र 'वेळ घालवला' म्हणून कापली गेली. ती आम्ही भांडून मिळविली. कोपरा मात्र तसाच राहिला.

दुसरे कारण थरांचे. कर्बचा दगड रस्त्यावर साधारण पंधरा सेंटिमीटर उभा असतो. दर काही वर्षांनी जुने डांबर न खरवडता त्यावर चार-पाच सेंटिमीटरचा नवा थर पडतो. तीन थरांत दगड गडप होतो, चेंबरची जाळी खड्ड्यात जाते आणि रस्त्याचे पाणी पदपथावर, तेथून दुकानात आणि घरात शिरते. बाप उंबऱ्यावरून रस्त्यावर उतरत असे, मुलगा उंबऱ्यावरून रस्त्यावर चढतो, असे दृश्य आपल्याकडच्या अनेक गावांत दिसते.

तिसरे कारण मालकीचे. महाराष्ट्रात महामार्ग एका खात्याचा, जिल्हा मार्ग दुसऱ्याचा आणि गावातली आळी ग्रामपंचायतीची असते. जिल्हा परिषदा १ मे १९६२ पासून आल्या, ग्रामपंचायतींचा कायदा १९५८ चा आहे. प्रत्येकाची कामे कायद्याने वाटून दिलेली आहेत. फाट्यावर ही खाती एकमेकांना भेटतात, पण त्यांच्या पातळ्या भेटत नाहीत. प्रत्येक जण आपल्या हद्दीपर्यंत रस्ता उत्तम करतो, आणि वळशाचे ते पावणेसोळा मीटर कोणाचेच राहत नाहीत.

मुंबईचा धडा

याचा परिणाम पाहावयाचा तर मुंबईकडे पाहावे. मुंबईत पाण्याच्या पातळ्या मोजण्यासाठी टाऊन हॉलवरची खूण आधार धरण्याची रीत इंग्रजी अमलात पडली. म्हणजे सगळ्या शहराला एकच पातळी होती. गटारे बांधली तीही त्या काळाच्या मानाने चांगली. परंतु तासाला २५ मिलिमीटर पाऊस, समुद्राला ओहोटी, आणि निम्मे पाणी जमिनीत मुरेल, असा त्या जुन्या पावसाळी नाल्यांचा हिशेब होता. पुढे जमीन सिमेंटने झाकली गेली आणि मुरणे थांबले. १९९३ साली या व्यवस्थेच्या सुधारणेचा मोठा अहवाल तयार झाला, काम रेंगाळले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि सारा हिशेब वाहून गेला. त्यानंतर माधवराव चितळे यांच्या समितीने शहराच्या पाण्याचा नव्याने विचार मांडला.

एवढा पाऊस झाल्यावर कोपऱ्याच्या चार बोटांनी काय होणार, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की २६ जुलै शतकातून एखादा उगवतो, पण साध्या सरीने भरणारे तिठे दर पावसाळ्यात पन्नास वेळा भरतात. आणि साचलेले पाणी नुसते पाणी राहत नाही. २९ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईत रस्त्यावर पाणी तुंबले, ते उतरावे म्हणून गटाराचे झाकण उघडले गेले, आणि गढूळ पाण्याखालचे ते भोक न दिसल्याने घरी चालत निघालेला एक नामांकित डॉक्टर त्यात पडून गेला. माणूस नामांकित होता म्हणून बातमी झाली. अशाच भोकांत उतरून गाळ काढणारे सफाई कामगार वर्षानुवर्षे मरत आले आहेत. साधनांवाचून माणसाला गटारात उतरविणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरले आहे, तरी मृत्यू थांबलेले नाहीत. कोपऱ्यावरचा दगड चुकीच्या पातळीवर बसला की पाणी थांबते, पाण्याबरोबर गाळ थांबतो, चेंबर भरते, आणि शेवटी ते उपसण्यासाठी एका माणसाला खाली जावे लागते. चूक कागदावरची असते. ती निस्तरणारा हात नेहमी एकाच वर्गाचा असतो.

आपण काय करावे?

आपल्या भागात १९१५ साली टाटांचे वीजकेंद्र खोपोलीस सुरू झाले. डोंगरावर तलाव बांधून ते पाणी नळांनी खाली आणले, त्याने यंत्रे फिरली, मुंबईच्या गिरण्या चालल्या, आणि तेच पाणी पुढे पाताळगंगेत सोडले गेले. ज्या पंचक्रोशीत पाण्याच्या प्रत्येक फूट उताराची वीज करून दाखविली गेली, त्या पंचक्रोशीत तिठ्यावरच्या चार बोटांचा उतार आपल्याला साधू नये, ही गोष्ट पटण्यासारखी नाही.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. एक, रस्त्याचे काम मंजूर होताना ग्रामसभेत प्रत्येक तिठ्याचा पातळ्यांचा नकाशा मागावा. वळशाच्या पाच जागी पायाची पातळी किती, सर्वांत खोल जागा कोणती आणि चेंबर कोठे, एवढे त्यात लिहिलेले असावे. दोन, बिल देण्यापूर्वी कोपऱ्यावर टँकरने पाणी सोडून पाहावे. पाणी थांबले तर काम पुरे झाले नाही असे समजावे. यासाठी पावसाळ्याची वाट पाहण्याचे कारण नाही. तीन, पाणी मागे फिरते असे जो गवंडी किंवा बिगारी सांगेल त्याचे म्हणणे कामाच्या वहीत नोंदवावे आणि त्या वेळेची मजुरी कापू नये. पातळी जाणणारा माणूस बोलता राहिला तर अर्धे खड्डे पडावयाच्या आधीच बुजतील.

या तिन्ही गोष्टींना नवा कायदा लागत नाही, परदेशी तज्ज्ञ लागत नाही, मोठा पैसाही लागत नाही. लागते ती हद्दीपलीकडे पाहण्याची सवय. नाना फडणीसांनी पायथ्याशी तळे बांधले तेव्हा पाणी कोणाच्या हद्दीतून येते असे विचारले नसावे. ते येणार आहे हे त्यांना दिसत होते. बोरघाट बांधणाऱ्या हजारो अनामिक हातांनी डोंगराचे पाणी आतल्या गटाराला लावून मोरीतून सोडले, म्हणून तो मार्ग टिकला. त्यांच्या नावाचा स्तंभ कोठे उभारावा याची चर्चा होत राहील. तोपर्यंत त्यांची विद्या आपल्या गावच्या तिठ्यावर उपयोगात आणणे आपल्या हाती आहे, आणि मृगाला अजून काही आठवडे अवकाश आहे.